संमती

अंबूबाईंच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथून रक्त काढलं होतं, तिथे एक डाग होता. पहिले काही दिवस तो वांग्याच्या सालीसारखा जांभळा होता. मग कडेकडेने हिरवट झाला, आणि आता मधला हरभऱ्याएवढा भाग सोडला तर बाकी सगळा पिवळा पडत आला होता. मंगलला या रंगांचा क्रम माहीत होता. कातडीखाली सांडलेलं रक्त शरीर सावकाश मोडून काढतं. त्याचं आधी हिरवं द्रव्य होतं, मग पिवळं, आणि मग काही दिसत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना ती हे वर्षानुवर्षं शिकवत आली होती. आता तिच्या सांगलीच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात तिच्या थोरल्या जाऊबाई परातीत भाकरीचं पीठ मळत होत्या, बाही वर सरकवलेली होती, आणि तळव्याच्या प्रत्येक दाबाबरोबर तो डाग किंचित ताणला जाऊन पुन्हा मूळच्या आकाराला येत होता. मंगल कोथिंबीर निवडता निवडता बघत होती. त्या रक्ताचा काही उपयोग होणार नाही, हे तिला ते काढलं जात होतं तेव्हाच माहीत होतं.

राजवर्धन, अंबूबाईंचा एकुलता एक मुलगा, परदेशात नोकरीला निघाला होता. प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात, दुसऱ्या राज्यातल्या एका विमानतळावर उतरताना विमान पडलं आणि जळालं. मंगल, तिचा नवरा मानसिंग आणि अंबूबाई रात्रंदिवस गाडीने तिथे पोचले, तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरकारी इस्पितळाच्या लांब बोळात खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे फिनेलचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक वास होता, ज्याला मंगलने नाव दिलं नाही. एका अधिकाऱ्याने दारातून हाक मारली, राजवर्धन भाऊसो पिसाळ, वडील? वारले, मानसिंग म्हणाला. आई? आणि त्या क्षणी मंगलचा हात आपोआप उचलला गेला, अंबूबाईंच्या पाठीवर टेकला आणि त्याने त्यांना हलकेच पुढे ढकललं. कुणी खोटं बोललं नाही. खरं मात्र मानसिंगही बोलला नाही. आई म्हटल्यावर या घरातल्या प्रत्येकाची मान जिकडे वळायची, तिकडेच वळली होती. दार बंद झाल्यावर मंगलला आपल्या तळव्यावर जाऊबाईंच्या पोलक्याचा दमट स्पर्श जाणवला, आणि पाठोपाठ आपण काय केलं ते कळलं. तेव्हाच उठून दार वाजवायला हवं होतं. ती भिंतीवरच्या, अग्निशामक नळकांडं कसं वापरावं ते दाखवणाऱ्या चित्राकडे बघत बसून राहिली.

मग परवा तो फोन आला. कॉलेजात प्रात्यक्षिक चाललं होतं, मुलं कांद्याच्या मुळांची टोकं काचपट्टीवर चिरडत होती आणि टेबलावरचा तिचा मोबाईल थरथरत कडेपर्यंत सरकत गेला. संपर्कासाठी तिचाच नंबर दिला होता. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय सभ्यपणे बोलत होता. माताजींचा डीएनए नमुना कशाशीच जुळत नाही. कधी कधी नमुना खराब होतो, तेव्हा पुन्हा एकदा घ्यावा लागेल. सांगलीतच देता येईल, पत्ता पाठवतो. घाई एवढ्याचसाठी की ज्यांची ओळख पटलेली नाही असे काही अवशेष आहेत, आणि महिनाअखेरीला प्रशासन त्या सगळ्यांवर एकत्र अंत्यसंस्कार करणार आहे. मंगल म्हणाली, हो, कळवते. मोबाईल पालथा ठेवून ती शेजारच्या मुलीला म्हणाली, वरची कव्हरस्लिप तिरकी धरून ठेव, नाहीतर बुडबुडा राहील. तिचा आवाज नेहमीसारखा होता याचं तिला भय वाटलं. त्या दिवसापासून कुठलीही थरथर तिच्या पोटात उतरत होती. मिक्सरची, लिफ्टची, शेजारच्यांच्या वॉशिंग मशीनची. फोनबद्दल तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एकत्र, हा शब्द मात्र तिच्याबरोबर जिन्यातून वर आला होता आणि आता घरभर तिच्या मागे मागे फिरत होता.

राजवर्धनला तिने जन्म दिला होता. वाईजवळच्या त्यांच्या गावात हे म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. थोरले दीर भाऊसो फौजेत होते, त्यांना मूल नव्हतं; मंगलला पहिला विश्वजीत होता आणि दुसऱ्या खेपेला हा झाला. सासरे लालासाहेब, घरातले आबा, यांनी एक दिवस पडवीतून सांगितलं, धाकटा थोरलीच्या ओटीत घाला. त्यात कुणाला विचित्र वाटलं नाही. कागद कुणी केला नाही, घरातल्या घरात कागद कसला. मुलाच्या नावामागे भाऊसोंचं नाव लागलं, आणि मंगलने त्याची काकी व्हायचं, एवढंच. बारशाच्या दिवशी अंबूबाई पाटावर पदर पसरून बसल्या होत्या. पुढचं मंगलला नेहमी एकाच तऱ्हेने आठवायचं: कुणाचे तरी बांगड्यांचे हात आपल्या दंडांखालून शिरतात आणि वजन निघून जातं. हात कुणाचे ते दिसत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं, झोप लागता लागता, तिला दंडांवर ते वजन नसल्याचं जाणवायचं. नसलेली गोष्ट जाणवते कशी, याचं शास्त्रीय उत्तर तिला माहीत होतं, आणि त्याने काही फरक पडत नव्हता.

बारावीला राजवर्धन तिच्याकडेच होता, याच फ्लॅटमध्ये राहायचा. रक्तगटाच्या प्रात्यक्षिकात सगळ्यांनी बोटं टोचली आणि त्याचा गट ओ निघाला. त्या संध्याकाळी तो डायनिंग टेबलाशी पाय हलवत बसला होता. "काकी, आईच्या ऑपरेशनला रक्त लागलं होतं, तेव्हा एबी होता ना तिचा? मग एबी आईला ओ पोरगं कसं होईल?" मंगल पोळी लाटत होती. ती म्हणाली, "अपवाद असतात. लाखात एखादा." तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. "म्हणजे मी लाखात एक. चला, दे पोळी." पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. तिने सांगितलेलं पुस्तकात खरोखरच होतं, आणि तरीही त्या रात्रीपासून तिला त्याच्या नजरेची थोडी भीती वाटायला लागली होती. त्याला कळलं होतं का? निघायच्या आदल्या दिवशी फोनवर तो म्हणाला होता, आईकडं लक्ष ठेव हं काकी, ती आजारपण लपवती. त्यात काही वेगळं होतं का, म्हणून तिने ते वाक्य इतक्या वेळा उलटंपालटं केलं होतं की आता त्याचा आवाज झिजून गेला होता आणि नुसते शब्द राहिले होते.

तिने दुसऱ्या वाटा शोधून पाहिल्या होत्या. दात घासायचा ब्रश, दाढीचं यंत्र, कंगवा. यातल्या कशानेही काम झालं असतं आणि कुणाला काही सांगावं लागलं नसतं. पण पुण्यातली खोली त्याने सोडली होती, सामान मित्रांना वाटलं होतं, आणि उरलेलं त्याच्याबरोबर जळलं होतं. गावी गेल्यावर ती एखाद्या चोरासारखी त्याच्या कपाटात हात घालून आली. सापडला तो कंगवा घरातले सगळेच वापरत होते. विश्वजीतचा नमुना चुलतभाऊ म्हणून पाठवला असता तर प्रयोगशाळेने उलट टपाली कळवलं असतं की हे सख्खे आहेत. प्रत्येक वाट फिरून त्याच दारापाशी येत होती. काल रात्री जेवताना तिने मानसिंगला नुसतं विचारलं, "जुळलं नाही तर?" तो ताटातच बघत म्हणाला, "जुळेल. मशीन आहे ते." मग पाणी प्याला आणि हळूच म्हणाला, "आबांना शब्द दिलाय मंगल. दादा नाहीत आता. वहिनीकडं आईपणाशिवाय दुसरं काय उरलंय? तेपण आपण आपल्या तोंडानं काढून घ्यायचं?" तिला त्याचा राग आला नाही. आपल्याला वाटतं तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती पोकळ लागतं, एवढंच तिने पाहिलं.

"मंगल, आगं कोथमिर निवडतीयास का देठं मोजतीयास?" अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. गावी भेटायला येणाऱ्यांचा त्यांना वीट आला होता म्हणून त्या सांगलीला आल्या होत्या. भावकीतली माणसं येऊन सांगत, दर्भाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, सुतक तरी सुटू द्या. आकाराम नावाच्या चुलत दिराला त्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "तुज्या पोराचा करशील का रं गवताचा? माजं लेकरू हाती आल्याबिगर मी कुनाला काडी लावू देनार न्हाई." त्यानंतर त्या रडल्या नव्हत्या. त्या वाट बघत होत्या, आणि त्यांचं वाट बघणं इतकं व्यवस्थित होतं, वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, की मंगलला त्यांच्यासमोर श्वास घेताना अपराध्यासारखं वाटायचं.

बेल वाजली तेव्हा मंगल कोथिंबीर तशीच ठेवून दार उघडायला गेली. रुक्सार होती, ॲडव्होकेट रुक्सार मुलाणी, तिची जुनी विद्यार्थिनी. राजवर्धनचं प्रकरण तीच बघत होती. विमान कंपनीने तातडीच्या मदतीसाठी काही कागद पाठवले होते, ते तिने सोफ्यावर बसल्या बसल्या चाळले आणि एका पानावर नख ओढलं. "हे बघा, गोड बोलून कसं घातलंय. ही मदत घेतली की पुढचा दावा सोडला. असं मागता येत नाही त्यांना. तातडीची मदत वेगळी आणि दावा वेगळा. दाव्याला दोन वर्षं आहेत आपल्या हातात. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. काकू, यावर अंगठाबिंगठा देऊ नका."

"आंगटा?" अंबूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चौथी झालीया माजी. सई करती मी, झोकात. आन वकीलबाई, तू जेवून जायाचं हाय. लय वाळलीयास."

"डाएट करते काकू."

"तेच की. उपाशी ऱ्हायाला बी आता पैसं घेत्यात म्हनं."

रुक्सार हसली, आणि हसता हसता तिने मंगलकडे पाहिलं आणि थांबली. "मॅडम, बरं नाहीये का तुम्हाला?"

मंगल तिला बाल्कनीत घेऊन गेली. खाली विश्रामबागचा रस्ता होता, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते, एक माणूस स्कूटरवर मांडीत कलिंगड धरून चालला होता. ती म्हणाली, "समज, एखाद्या घरात मूल एकीचं असेल आणि वाढवलं दुसरीने असेल."

रुक्सारने मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग मंगलकडे. तिने हातातला पेन बंद केला. "समजायचं कशाला मॅडम," ती हळू म्हणाली. "बोला तुम्ही."

मंगलने सांगितलं. फोनचंही सांगितलं. निरीक्षणं नोंदवावीत तसं, क्रमाने, एकही विशेषण न वापरता. तिचा आवाज कापत नव्हता. मग तिने खरा प्रश्न विचारला: मी आई म्हणून रक्त दिलं तर जाऊबाई कोण? कंपनीचे वकील उद्या म्हणतील, ही बाई कुणीच नाही. राजवर्धनला ताब्यात घ्यायचा हक्क नाही, भांडायचा हक्क नाही. कागद तर नाहीच.

"कागद लागत नाही," रुक्सार म्हणाली. "दत्तकाला देणं-घेणं झालेलं लागतं. या घरातून उचलून त्या मांडीवर ठेवलं, हे सिद्ध झालं की झालं. शाळेचा दाखला, आधार, सगळीकडे यांचंच नाव आहे, ते जोडीला येईल. पण ते देणं कोण सांगणार? देणाऱ्यानेच सांगायचं असतं. तुम्ही बोललात तर त्यांचं आईपण जात नाही मॅडम. तुम्ही बोललात तरच त्या कायद्याने आई होतात. एकच आहे. बापाने दिलं तरी आईची संमती लागते. कायदा तसाच आहे, तेव्हाही होता. समोरचा वकील तुम्हाला तेच विचारणार. संमती होती का?"

चरक थांबला. मंगलला वाटलं, आपण फार उंचावर उभ्या आहोत आणि कठडा बराच खाली आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. पडवीतून हुकूम आला होता, मानसिंगने मान खाली घातली होती, आणि ती बाजेवर होती, अंगात ताप होता. तिने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. आपल्याकडून काढून घेतलं गेलं, या एका वाक्यावर ती आजवर उभी होती; त्यामुळे तिला काही ठरवावं लागलं नव्हतं. आता कुणीतरी तिला कोर्टात उभं करून विचारणार होतं, आणि नाही म्हटलं तर अंबूबाई राजवर्धनच्या कुणीच लागणार नव्हत्या, आणि हो म्हटलं तर ते खरं होतं का? तिने डोळे मिटून पुन्हा तो पाट आणला, पदर आणला, दंडांखालून शिरणारे हात आणले. हात कुणाचे? आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे ती वर्गात सांगत असे. दरवेळी आठवताना माणूस ती नव्याने रचतो.

"हुती," मागून आवाज आला.

अंबूबाई बाल्कनीच्या दारात उभ्या होत्या. हाताला पीठ होतं. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मंगलला वाटलं, संपलं.

"आगं, बघतीयास काय अशी? मला का ठावं न्हाई पोरगं कुनाच्या पोटचं ते?" अंबूबाई म्हणाल्या. "त्यो मानूस म्हनला, आई कोन. तू मला म्होरं केलंस. मी म्हनलं, मंगल शिकल्याली हाय, तिला ठावं असंल, चालत असंल वाढीवल्यालीचं बी. मग सुई टोचली आन मला भ्या वाटाया लागलं. म्हनलं, जुळलं न्हाई तर हे म्हनतील, व्हय बाजूला, तू न्हवंस त्येची आई. म्हनून गप बसली. तू बोलशील म्हनून तुज्या घरी येऊन बसली. तर तू देठं मोजतीयास."

"अक्का," मंगल म्हणाली.

"तुला आठवत न्हाई व्हय? मामंजी म्हनले घाल, आन तू हुबी. लय येळ हुबी. तानुबाई सुईन घ्याया आली तर तिचा हात तू झटाकलास. आन मग तूच वाकलीस. माज्या पदरात ठेवलास आन म्हनलीस, अक्का, टाळू भरली न्हाई आजून, त्याल कोमट करून लावा. मी रोज लावलं. जावळं काढूस्तवर." त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला. "तवापास्नं मी मनात म्हनती, हिनं दिला. मी न्हाई घेतला."

बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला आणि त्या चौकटीला टेकल्या. रुक्सारने पुढे होऊन त्यांना धरलं. मंगल जागची हलली नाही. तेल कोमट करून लावा. हे वाक्य तिला आठवत नव्हतं; ते तिचंच होतं का, की अंबूबाईंनी स्वतःच्या भीतीसाठी इतक्या वर्षांत रचलेलं होतं? ते तिच्यासारखं होतं, एवढं खरं. तशा क्षणी ती असलंच काहीतरी बोलली असती. तिने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, जणू त्यांना काही विचारता येईल. तेव्हा संमती होती की नव्हती, हे तिला कधीच कळणार नव्हतं. पाहणारे वारले होते आणि ती स्वतः भरवशाची साक्षीदार नव्हती. तपासता येण्यासारखी एकच गोष्ट होती, आत्ता आहे का. ती तपासायला जाताना तिला वाटलेलं भय इस्पितळाच्या बोळातल्यापेक्षा मोठं होतं. कारण आता दंडांखालून कुणाचे हात येणार नव्हते, आणि आत्ता दिला की तो गेला, काढून घेतला असं पुन्हा कधी म्हणता येणार नव्हतं. कुठल्यातरी थंड खोलीत, एका क्रमांकाखाली, तो त्या एकत्र शब्दाची वाट बघत पडला होता. समोर अंबूबाई उभ्या होत्या, आणि त्या तिच्या चेहऱ्याकडे जसं बघत होत्या तसं माणसं फक्त डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतात.

"मॅडम," रुक्सार म्हणाली, "आजच सांगायला पाहिजे असं नाही. घरात बोला, सरांना विचारा."

"नाही," मंगल म्हणाली. "पेन उघड." तिला आपला आवाज कापलेला ऐकू आला आणि त्यानेच थोडं बरं वाटलं. "लिही. मी मंगल मानसिंग पिसाळ. राजवर्धनला जन्म मी दिला. नमुना माझा घ्या, उद्या सकाळीच देते. आणि माझी संमती होती. मी माझ्या हाताने त्याला यांच्या ओटीत घातलं. तो सापडला की ताब्यात यांच्याच द्यायचा. आई या आहेत."